लाकडी जमीन, सागवानी भाडं

वडाळ्यात भाड्याचं घर बघायला गेलात, तर हल्ली आधी खाली बघावं लागतं. खोल्या, खिडक्या, पाण्याची वेळ असल्या फुटकळ गोष्टी एजंट सांगतच नाही. दार उघडतो आणि म्हणतो, "साहेब, वुडन फ्लोअरिंग!" या दोन शब्दांचं भाडं वेगळं असतं. बाल्कनीतून मोनोरेलचा मार्ग दिसत असेल, तर त्याचं आणखी वेगळं. गाडी धावते का, हे विचारायचं नसतं. व्ह्यू तुळईचा आहे.

आता या लाकडाची कुळकथा. बहुतेक फ्लॅटांत ते लॅमिनेट असतं. लाकडाचा भुसा दाबून केलेली साधारण ८ मिलिमीटरची फळी, वर लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर पारदर्शक थर. थोडक्यात, आपण झाडाच्या छायाचित्रावर राहतो आणि भाडं मूळ झाडाचं भरतो.

छायाचित्राला पाणी चालत नाही. म्हणून ओला पोछा बंद, खुर्ची ओढणं बंद, गरम कुकर खाली टेकवणं बंद. "मग पुसू कशानं, फुंकरीनं?" या कामवाल्या मावशींच्या प्रश्नाला करारनाम्यात उत्तर नसतं. घरात रांगतं बाळ असेल, तर एजंट हळूच चौकशी करतो, "डायपर कुठल्या कंपनीचा?"

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत आजोबांच्या पिढीला हे वैभव न मागता मिळालं होतं. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या. वरच्या बिऱ्हाडात मसाला कुटला, की खालच्यांच्या आमटीत धूळ. १९४७च्या कायद्यानं भाडं सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलं. मालकानं दुरुस्तीतून अंग काढलं आणि ते काम वाळवीनं हाती घेतलं. १९६९च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं, मागोमाग टेकू आले आणि शेवटी 'धोकादायक' अशी पाटी. खरं लाकूड धोकादायक ठरलं. नातू आता त्याच्या फोटोपायी काही महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मोजतो. यालाच आपल्याकडे पुनर्विकास म्हणतात.

मुंबईत एका पावसाळ्यात सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. २,००० विरुद्ध ८, असा हा सामना. त्यात वडाळ्याच्या बाजूला खाडी आणि मिठागरांचा पट्टा, म्हणजे हवाच ओली. जुलैत फळ्या फुगून सांध्यांशी माना वर काढतात. आषाढीला विठ्ठल मंदिराच्या रांगेतून भिजून आलेले पाहुणे दारात उभे राहिले, की यजमान "या, बसा"ऐवजी "थांबा, हलू नका" म्हणतो. वडाळ्याचा विठोबा शहाणा. विटेवर उभा आहे, त्याचं डिपॉझिट कोणी कापत नाही.

डिपॉझिट कापणं, हाच तर या लाकडाचा खरा उपयोग. फळी फुगवतो पाऊस, पैसे भरतो भाडेकरू. "हा ओरखडा आधी नव्हता," असं मालक ज्या आत्मविश्वासानं म्हणतो, तो साक्षीदारांनाही साधत नाही.

"अकरा महिन्यांचाच करार, त्याला नोंदणी कशाला?" असं सांगणारे अजून भेटतात. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९चं कलम ५५ सांगतं, की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य. ओरखड्यांवर नजर ठेवणाऱ्या मालकांची नजर या कलमापर्यंत मात्र पोचत नाही.

तेव्हा वाचकहो, किल्ली हातात पडताच त्या छायाचित्राचीही छायाचित्रं काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. पावसानं फुगलेल्या फळीचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या आणि करार नोंदवा. मालक कां-कूं करू लागला, तर नमस्कार करून साध्या लादीचं घर शोधा. लादी पुसता येते आणि तिच्यावर माणसांना राहता येतं.