कुत्राछाप

वऱ्हाडात ग्रामोफोनच्या तबकडीची कंपनी कोणी इंग्रजीत विचारली नाही. ‘कुत्राछाप हाय का?’ एवढ्यात काम भागे. विडी उंटछाप, तशी गाणी कुत्राछाप. प्रत्यक्ष बालगंधर्वांच्या स्वरावर कुत्र्याचं चित्र चिकटलं, तरी कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. हे वाक्यही आजकाल इकडेतिकडे बघूनच लिहावं लागतं.

हा कुत्रा खरा होता. नाव निपर, पाहुण्यांच्या पोटऱ्या धरायची खोड, त्यावरून पडलेलं. मालक मार्क बॅरॉड १८८७ मध्ये वारला आणि निपर त्याच्या भावाकडे, चित्रकार फ्रान्सिसकडे आला. यंत्रातून मेलेल्या धन्याचा आवाज ऐकून कुत्रा गहिवरला, ही रडवी दंतकथा लोकांना फार आवडते. मला ती जमवलेली वाटते, कारण घरोघर यंत्रं पोहोचायच्या आतच धनी गेला होता. निपरही १८९५ मध्ये गेला आणि फ्रान्सिसने कर्ण्यापुढे बसलेल्या निपरचं चित्र काढलं ते त्यानंतर तीन वर्षांनी!

चित्रात तबकडी नव्हतीच, एडिसनच्या पद्धतीचा नळकांड्याचा फोनोग्राफ होता. एडिसन-बेल कंपनीकडे फ्रान्सिस चित्र घेऊन गेला, तर ‘कुत्री फोनोग्राफ ऐकत नसतात’ असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. चित्रातला काळा कर्णा उठून दिसेना, म्हणून १८९९ मध्ये तो पितळी कर्णा उसना मागायला ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथले मॅनेजर ओवेन म्हणाले, फोनोग्राफ पुसून आमचं यंत्र काढ, चित्र आम्ही घेतो. चित्राचे पन्नास पौंड, हक्काचे पन्नास. मूळ चित्रात रंगाखालून तो जुना फोनोग्राफ अजून डोकावतो म्हणे.

त्याआधी कंपनीची खूण होती तबकडीवर पिसाने लिहिणारा देवदूत. दिसायला देखणा, पण तो आपल्याच लिहिण्यात गर्क. गवयाचे फोटो सगळेच छापतात. श्रोत्याला मखरात बसवणारी खूण मला ही कुत्र्याची एकच ठाऊक आहे.

आमच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा हे दत्तावतार नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. घरोघर दत्ताची तसबीर, पायाशी चार कुत्री, आणि ते चार वेद असं सांगणारी आजी. अशा घरात पाचवं कुत्रं कर्ण्यापुढे कान देऊन बसलं, तर त्याला हाड कोण म्हणणार?

हाच निपर अमेरिकेत व्हिक्टर कंपनीच्या तबकडीवर जाऊन बसला. १९१७ मध्ये ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडने जॅझची पहिली तबकडी काढली, ती व्हिक्टरचीच. तिच्या एका बाजूला ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’. त्यात क्लॅरिनेट कोंबड्यासारखी आरवते, कॉर्नेट खिंकाळतो, ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. एवढा गोठा कानाशी जागा झाला असताना पोटऱ्या धरणाऱ्या जातिवंत कुत्र्याने जागचं हलू नये? इथे मात्र मला एडिसन-बेलवाल्यांचंच म्हणणं थोडं पटतं.