रिकाम्या पाळण्याची कैफियत

गिरगावातील एखाद्या चाळीत बाळंतीण घरी परतली की, महानगरपालिकेच्या दफ्तरी जन्माची नोंद होण्यापूर्वीच, नवजात अर्भकाच्या निद्राव्यवस्थेचा कारभार पाहण्यासाठी एक मंडळ आपसूक अस्तित्वात येते. त्याला सनद कोणी दिलेली नसते, त्याच्या सभासदांची मुदत कधी संपत नाही, आणि ज्या व्यक्तीच्या निद्रेविषयी हा सारा ऊहापोह चालतो ती मजकूर व्यक्ती त्याच ऊहापोहामुळे टक्क जागी असते.

आजींचा आग्रह मोहरीच्या उशीचा: लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून पारखून आणलेली मोहरी, जुन्या धोतराची मऊ खोळ, आणि बाळाचे मस्तक वाटोळे न झाल्यास पुढे सोयरिकीच्या वेळी उद्भवणाऱ्या आपत्तींचे सविस्तर भाकीत. दादरच्या मावशी रानडे रोडवरून पाळण्याच्या कडांना बांधावयाचे गुबगुबीत पट्टे, दोन चिमुकले लोड आणि एक केसाळ ससा असा संच आणतात. परळचे काका ऐन वैशाखात, भिंतींनाही घाम फुटलेला असताना, बाळाचे टोपरे उतरू देत नाहीत. या सूचनांत परस्परविरोध विपुल असला, तरी एका मुद्द्यावर मंडळाचे मतैक्य आहे: प्रत्येक सूचनेने पाळण्यात काहीतरी भर पडते. पाळण्यातून काही काढून घ्या, असे म्हणणारा सभासद अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.

वैद्यकशास्त्राचे फर्मान याउलट एखाद्या चिक्कू माणसाने लिहिल्यासारखे आहे. पहिले वर्षभर, रात्री आणि दुपारीही, बाळाला उताणे निजवावे. अंथरूण सपाट आणि टणक असावे, त्यावर ताणून बसवलेली एक चादर असावी, आणि दुसरे काहीही नसावे. उशी नाही, लोड नाही, दुलई नाही, ससा नाही. डोके उघडे असावे. खोलीत सिगारेटचा अथवा धुरीचा धूर नसावा. निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, परंतु स्वतंत्र अंथरुणावर असावे. कारण साधे आहे. मऊ वस्तूत तोंड रुतले तर ते बाजूला वळवण्याइतके बळ त्या मानेत नसते, आणि आपणच सोडलेला उच्छ्वास बाळ पुन्हा आत घेत राहते. साडीच्या झोळीत तर हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाटच आखडते. पालथे घालण्याची हौस बाळ जागे असताना, कोणाच्या तरी नजरेसमोर, खुशाल भागवावी.

हे शहाणपण शास्त्रालाही उशिराच सुचले, हे आजींच्या पक्षाचे वकीलपत्र घेणाऱ्याने अवश्य नमूद करावे. न्यूयॉर्कचे डॉ. बेंजामिन स्पॉक यांचा बालसंगोपनावरील जगप्रसिद्ध ग्रंथ 1946 साली निघाला, आणि पुढील दशकातील आवृत्तीत त्यांनी बाळास पालथे निजवणे श्रेयस्कर ठरवले. उताणे बाळ ओकारीने गुदमरेल आणि त्याचे डोके चपटे होईल, ही त्यांची भीती. म्हणजे न्यूयॉर्कचे डॉक्टर आणि ठाकूरद्वारच्या आजी या दोघांनाही डोक्याच्या गोलाईचीच चिंता! फरक इतकाच की आजी मोहरीच्या उशीसाठी का होईना, बाळाला उताणेच ठेवीत होत्या. पुढे पालथी निजणारी अर्भके झोपेत अकस्मात दगावण्याचा धोका कितीतरी अधिक असल्याचे सिद्ध झाले. 1991 साली ब्रिटनने आणि 1994 साली अमेरिकेने ‘बाळाला उताणे निजवा’ अशी मोहीम काढली, आणि अमेरिकेत असे मृत्यू दशकभरात निम्म्याच्या आसपास आले.

आजींनी मात्र विजयोत्सव करू नये. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 साली दिला आहे. आणि मावशींच्या संचातील गुबगुबीत पट्ट्यांच्या विक्रीस तेथे त्याच वर्षी कायद्याने मनाई झाली.

परळात 1926 पासून वाडिया प्रसूतिगृह आणि 1929 पासून बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे आहे; डॉक्टरांना विचारायला फार लांब जावे लागते, अशी सबब या मुलखात चालण्याजोगी नाही. अडचण निराळीच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्यात विकत घेण्याजोगे काही नसते, आणि बारशाला ‘काही नाही’ ही वस्तू कागदात गुंडाळून नेता येत नाही. दुकानदारापाशी ती नसते, आणि प्रेमाचा पुरावा म्हणून ती कोणी दाखल करून घेत नाही. त्यातून रिकामा पाळणा हलवू नये हा आपला जुना समज; तेव्हा बाळ आत असतानाही पाळणा जवळजवळ रिकामाच ठेवायचा, हे ऐकून मावशींनी विचारलेला प्रश्न अगदीच रास्त होता: “अगं, आल्यागेल्याला दाखवायचं काय?”

यावर तोडगा म्हणून माझी दरखास्त अशी की, लोड, पट्टे, दुलई आणि ससा हा सर्व ऐवज बाहेरच्या खोलीतील काचेच्या कपाटात, प्रत्येक वस्तूवर देणाराचे नाव ठळक अक्षरांत लावून, मांडण्यात यावा. मावशींनी ही तडजोड, सशाला वरचा कप्पा मिळण्याच्या अटीवर, मान्य केली आहे. मोहरीच्या उशीचा निवाडा तेवढा तहकूब आहे. ती काचेत ठेवण्यास आजींची हरकत आहे, आणि खोळ उसवून मोहरी फोडणीस लावण्यास सूनबाईंची.