नदीचा सातबारा

बार्मा गावात बघण्यासारखं काय आहे, असं विचारल्यावर भाचा म्हणाला, "मामा, गाव संपलं की सुरू होतं." आणि मेलबर्नपासून सव्वादोनशे किलोमीटर उत्तरेला असलेलं हे गाव संपतंही चटकन. पुढे रिव्हर रेड गम झाडांचं जगातलं सर्वांत मोठं जंगल आणि त्यातून अंग चोरून वाहणारी मरे नदी. २०१०पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. माश्यांना मात्र ते फार आधीपासून आपलंच वाटत असावं, कारण नाकातोंडात शिरताना त्या परवानगी मागत नाहीत.

काठावर सतरंजी पसरून मी गळ बाहेर काढला. भाचा ओरडला, "थांबा! परवाना न्यू साऊथ वेल्सचा लागतो!"

"अरे, आपण व्हिक्टोरियात बसलोय ना?"

"बसलोय व्हिक्टोरियात. गळ पडणार न्यू साऊथ वेल्समध्ये."

झालं! नदीचा सातबारा पलीकडच्या राज्याच्या नावावर. हद्द पाण्याच्या मधोमध नाही, अलीकडच्या काठाच्या माथ्यावर आहे. व्हिक्टोरियाच्या वाट्याला नुसतं दर्शन. चहाचा कप विसळायला खाली उतरलो की आम्ही परराज्यात! १९८० साली एका खुनाच्या खटल्यात हायकोर्टानं हेच धरलं. मारणारा वर काठावर, मेलेला खाली पाण्याशी. म्हणून गुन्हा न्यू साऊथ वेल्सचा आणि व्हिक्टोरियात लागलेली शिक्षा रद्द.

"या दोन राज्यांच्या आधी नदी होती कुणाची?" बायकोनं शंका काढली.

उत्तर एका जुन्या रेड गमवर होतं. इथल्या योर्टा योर्टा आदिवासींनी होडीसाठी त्याची साल खोडावरून लांबट आकारात अखंड सोलून काढलेली. झाड मेलं नाही. व्रणाच्या कडांना नवी साल गुबगुबीत होऊन आत वळलीय, वर पालवी हलतेय. एवढा ठसठशीत दाखला कुठल्या तलाठ्यानं दिलाय? पण जमिनीच्या दाव्यात १९९८ साली न्यायमूर्तींनी सांगितलं, की तुमचा हक्क इतिहासाच्या लाटेत वाहून गेला. २००२मध्ये हायकोर्टानंही त्यांचं अपील फेटाळलं. पुराच्या पाण्यावर जगणारी ही झाडं तेवढी जागेवर राहिली.

पलीकडच्या काठावर कमरागंजा ही आदिवासींची वसाहत. सरकारी मॅनेजरच्या जाचाला कंटाळून १९३९च्या फेब्रुवारीत तिथले दीडशेहून अधिक लोक नदी ओलांडून या बाजूला आले आणि काठावरच तळ देऊन राहिले. हद्दीचा त्यांना झालेला हा एक उपयोग. कमरागंजातच १९०६ साली जन्मलेले डग्लस निकोल्स १९७६मध्ये गव्हर्नर झाले, तेही तिसऱ्याच राज्याचे, साऊथ ऑस्ट्रेलियाचे!

तुम्ही गेलात तर परवाना आधी काढा, आणि तंबू रेड गमखाली मुळीच ठोकू नका. वाऱ्याची झुळूकही नसताना हे झाड अख्खी फांदी खाली सोडतं. पाहुणा कुठल्या राज्यातला, हे ते विचारत नाही.