गाडी चालून रायली ना!

मोटारीची निगा राखणे म्हणजे ती बंद पडण्याआधी तिचे बॉनेट उघडणे. बंद पडल्यावर बॉनेट उघडण्याला निगा म्हणत नाहीत, गर्दी जमवणे म्हणतात. नागपूरजवळच्या कुही तालुक्यात हा दुसरा प्रकार जास्त रूढ आहे. कुही फाट्याच्या अलीकडे-पलीकडे एखादी गाडी बॉनेट वर करून उभी राहिली, की पाच मिनिटांत सात माणसे गोळा होतात. त्यातली पाच ‘बॅटरी गेली’ म्हणतात, सहावा ‘सेल मारून पाहा’ म्हणतो आणि सातवा काहीच न बोलता वायरी हलवतो. सातव्यापासून सावध राहावे.

निगा या विषयात कुही मागासलेली आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी इथे बैलाचे खांदे हळद-तुपाने चोळतात, वर्षभर जू वाहून सुजलेली जागा शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. भाराखाली झिजणारी जागा नेमकी ओळखायची आणि तिथे स्निग्ध पदार्थ लावायचा, यापेक्षा वंगणाची चांगली व्याख्या यंत्रशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही. बंडीचा आख करकरू लागला तर तो कोरडा पडलाय, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पुढे ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला शेतकरी सकाळी सेल मारण्याआधी ऑइल बघतो, रेडिएटरचे पाणी बघतो, ग्रीसगन घेऊन खाली वाकतो. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग किलोमीटरवर नसते, तासांवर असते. ते तास त्याला बायकोच्या वाढदिवसापेक्षा चांगले पाठ असतात.

हाच माणूस दहा पावलांवर उभ्या असलेल्या कारपाशी आला, की सगळे ज्ञान कोठ्यातच ठेवून येतो. कारण साधे आहे. बैल घरचा, ट्रॅक्टर कामावरचा आणि कार म्हणजे जावई. जावयाला गादीवर बसवतात, हार घालतात, पंखा त्याच्याकडे वळवतात. ‘जीभ दाखवा पाहू’ असे कोणी म्हणत नाही. कारलाही सीटकव्हर, आरशाला माळ, डॅशबोर्डवर देव आणि बंपरला लिंबू-मिरची असा यथासांग मान मिळतो. सीटवरचे कंपनीचे प्लास्टिक दोन दिवाळ्या निघत नाही. तब्येतीची चौकशी केलीच तर एकच उत्तर येते : ‘चालून रायली ना भाऊ, मस्त!’

या उत्तरात खोटे काही नाही. अडचण एवढीच, की कोणतेही यंत्र बंद पडण्याच्या क्षणापर्यंत चालतच असते.

पूर्वी हे परवडत होते. नागपूर–नागभीड नॅरोगेज गाडी कुही स्थानकावरून जात होती आणि तिची निगा रेल्वे राखत होती. प्रवाशाकडे फक्त वेळ असला की भागे. ब्रॉडगेजच्या कामासाठी ती गाडी २०१९ मध्ये बंद झाली. त्यानंतर लग्न, दवाखाना, कोर्ट आणि पोराची अ‍ॅडमिशन या सगळ्यांसाठी रस्ताच उरला, म्हणजे कारही आली आणि तिच्यामागचा व्यापही.

पहिला मान इंजिन ऑइलचा. गाडी सपाट जागेवर उभी करावी. ज्या अंगणाला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो, तिथे घेतलेले माप घरच्या वैद्याच्या औषधासारखे असते, त्यात श्रद्धा जास्त. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल खाली उतरते. बॉनेटखाली बहुधा पिवळ्या किंवा नारिंगी कडीची एक लांब पट्टी असते. ती ओढून काढावी आणि जुन्या बनियनने पुसावी. महाराष्ट्रात या कामासाठी बनियनखेरीज दुसरे कापड वापरल्याची नोंद नाही. पट्टी परत पूर्ण आत घालून पुन्हा काढावी. हे दुसऱ्यांदा काढणे महत्त्वाचे, कारण पहिल्या खेपेला पट्टी जे सांगते ते हिंदकळलेल्या ऑइलचे असते. टोकाशी दोन खुणा असतात आणि ऑइलची रेघ त्या दोहोंच्या मध्ये हवी. खालच्या खुणेशी आली असेल तर थोडे-थोडे ओतत, पुन्हा मोजत भरावे. वरच्या खुणेपलीकडे आग्रह करून वाढू नये. जास्त भरलेले ऑइल फिरत्या क्रँकने घुसळले जाते, त्याचा फेस होतो आणि फेसाला वंगणाचे काम जमत नाही. डिझेल गाडीचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते, त्याची धास्ती घेऊ नये. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर मात्र धास्ती घ्यावी. त्यात पाणी शिरले आहे आणि गाडी तिथूनच मिस्त्रीकडे न्यावी, तीही टो करून.

ऑइलचा एक दिवा डॅशबोर्डवरही असतो. त्यावर झारीचे चित्र असून तोंडाशी एक थेंब लोंबत असतो. ही लाल झारी ऑइल कमी झाल्याचे सांगत नाही, ऑइलचा दाब गेल्याचे सांगते, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू लागले आहे. तेव्हा गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करणे एवढाच उपाय. ‘नागपूर काही दूर नाही, चाळीस किलोमीटर तर आहे, पोचून पाहू’ हा विचार त्या क्षणी अतिशय स्वाभाविक वाटतो. इंजिन बांधण्याचे बिलही नंतर तितक्याच स्वाभाविकपणे येते. दिव्यांच्या बाबतीत एकच नियम पुरे : लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. पिवळ्यावर काळी टेप चिकटवणे ही दुरुस्ती नव्हे.

यानंतर पाणी. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, त्यामुळे या भागात रेडिएटरच्या नोकरीला हलकी म्हणता येत नाही. रेडिएटरमध्ये कुलंटच घालावे. बोअरचे पाणी जड असते. बादलीच्या आत जो पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि तिथे चिंच घेऊन घासायला हात पोचत नाही. पातळी बघायला रेडिएटरचे झाकण उघडण्याची गरज नाही. शेजारच्या अर्धपारदर्शक टाकीवर खुणा असतात. गरम इंजिनाचे झाकण तर मुळीच उघडू नये. साधे पाणी १०० अंशांवर उकळते, पण झाकणाच्या दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत दम धरते. झाकण फिरवले की दाब जातो आणि दम धरलेले पाणी एकदम उसळून वाफेसकट तोंडावर येते. घरातल्या बाईला हे समजावावे लागत नाही, ती वाफ कोंडलेल्या कुकरला हात लावत नाही. पुरुष मात्र हाताला दुपट्टा गुंडाळून रेडिएटर उघडायला जातो. गाडी तापली तर अर्धा तास थांबावे. तेवढ्यात तर्री-पोह्यांची प्लेट आणि वर चहा, दोन्ही आरामात होतात.

टायरमध्ये किती हवा हवी, हे गाडी बनवणाऱ्याने चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर लावून लिहून ठेवलेले असते. ते दार रोज उघडले जाते आणि तो स्टिकर कोणी वाचत नाही. पंक्चरच्या दुकानात ‘किती टाकू?’ असे विचारले जाते, मालक ‘टाका तुमच्या हिशोबाने’ म्हणतो आणि पस्तीसचा आकडा ठरतो. पस्तीस हा आकडा परीक्षेतही पास करून देतो, म्हणून असेल. त्याहून घातक समजूत अशी, की उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून ती कमी ठेवावी. वास्तविक कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दुमडते, दुमडण्याने तापते आणि तापून फुटते. हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, स्टिकरप्रमाणे भरावी. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे तर खुशाल द्यावेत, पण फुकटच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. मोजपट्टी लागत नाही; खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात आणि नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची जन्मतारीखही असते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. लग्नासाठी पत्रिकेत सातव्या घरापर्यंत शोध घेणारी माणसे ही तारीख न बघता जुने टायर ‘कमी चाललेले’ म्हणून विकत घेतात. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाल्यावर कुहीहूनही साईबाबांचे दर्शन एका दिवसात आवाक्यात आले. काँक्रीटच्या त्या रस्त्यावर ताशी १२० चा वेग घेऊन ५२० किलोमीटर जाणे आणि जवळच्या मांढळच्या बाजाराला जाणे यांत टायरच्या दृष्टीने फार फरक आहे. गुळगुळीत टायरच्या गाड्या त्या मार्गावर अडवण्यात येऊ लागल्या, त्या उगाच नव्हे. स्टेपनीतही हवा असावी. स्टेपनी हा टायर आहे, सांडगे वाळवायची बैठक नव्हे.

एअर फिल्टरबद्दल फार लिहायला नको. उमरेड रस्त्यावर कोळशाच्या आणि गिट्टीच्या टिप्परमागे पंधरा मिनिटे चाललेल्या माणसाने आपला रुमाल बघावा आणि गाडीला रुमाल एकच असतो हे आठवावे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच हा फिल्टर इथे काढून झटकावा लागतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून गाडी चालो न चालो, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे. वायपरचे रबर मे महिनाभर काचेला चिकटून भाजते आणि मृगाच्या पहिल्या सरीत काचेवर पाण्याऐवजी रांगोळी काढते. जूनच्या आधी बदलून घ्यावे.

बॅटरी उन्हाने लवकर मरते आणि एकटेपणाने त्याहून लवकर. मुलगा पुण्याला आणि गाडी कुहीला, अशी घरे बरीच आहेत. तिथे वडील दर रविवारी गाडी जागेवरच पाच मिनिटे चालू करून बंद करतात. सेल मारताना गेलेला करंट पाच मिनिटांत परत भरून येत नाही, म्हणून या प्रेमाने बॅटरी उलट खंगते. त्यापेक्षा आंभोऱ्यापर्यंत एक चक्कर मारावी, वैनगंगेवरचा पूल बघावा, चैतन्येश्वराला हात जोडावेत आणि परत यावे. बॅटरी भरते, टायर एका जागी दबत नाहीत, आणि बायको सोबत असेल तर आणखीही काही गोष्टी सुधारतात.

आता उंदीर. सोयाबीन आणि धानाची पोती घरात येतात, त्याच सुमारास पोर्चमध्ये उभ्या कारचे गरम इंजिन थंडीत उंदरांच्या नजरेस पडते. जागा उबदार आणि दात घासायला वायरी मुबलक. सकाळी गाडी सुरू होत नाही, मिस्त्री बॉनेट उघडतो आणि आत कापसाच्या पाळण्यात चार पिल्ले निघतात. इंजिनात तंबाखूच्या पुड्या बांधून ठेवण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. पण ज्या मुलखात शाळेत जाणारी पोरेही तंबाखूच्या खर्ऱ्याला दचकत नाहीत, तिथल्या उंदरानेच का दचकावे? पोत्यांपासून गाडी दूर लावणे, आत चिवड्याचा कण न ठेवणे आणि दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून उजेड पाडणे, हे उपाय कंटाळवाणे असले तरी चालतात. दुसऱ्याचे वारंवार डोकावणे उंदराला आवडत नाही.

राहता राहिली सर्व्हिसिंग. बहुतेक कारच्या बाबतीत ती १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा करायची असते. कुहीची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर चालली, तर मालक तीन वर्षांचा हिशोब मांडतो. ‘जे आधी होईल’ हे शब्द त्याला ‘जे नंतर होईल’ असे दिसतात. ऑइल मात्र न चालताही जुने होते. हे आणि याखेरीज बरेच काही त्या गाडीच्याच पुस्तिकेत छापलेले आहे. पुस्तिका डाव्या बाजूच्या कप्प्यात, संपलेल्या पीयूसीच्या खाली, प्रसादाच्या पुडीशेजारी, शोरूममधून आली तशीच प्लास्टिकमध्ये आहे. सीटचे प्लास्टिक राहू द्या, हे तेवढे काढा.