फिक्स धरा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला फोन वाजतो आणि ‘हॅलो’च्या आधी ‘रविवारी मोकळा आहेस ना?’ ऐकू येतं, तेव्हा आभाळ आलंय असं समजायचं. आमच्याकडं पावसाचा अंदाज दोघं देतात. एक हवामान खातं आणि दुसरा फिक्स. त्यातल्या खात्याचा अंदाज कधी कधी बरोबर निघतो.

‘फिक्स धरा’ हे त्याचं वाक्य, त्यावरून हे नाव पडलं. लग्नपत्रिकेवर त्याचं खरं नाव छापून आलं तेव्हा आमच्यातल्या दोघांनी ‘हे कुणाचं लगीन?’ म्हणून विचारलं होतं. ‘जायचं का?’ असं फिक्स विचारत नाही. ‘मास्तर येतोय, अडत्या येतोय, तू एकटाच राहिलास,’ एवढंच सांगतो. हेच तो मास्तरला सांगतो आणि अडत्यालाही. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांचं ठरलंय, आपणच कशाला मोडता घाला. अशा रीतीनं, कुणाचीही इच्छा नसताना, रविवारी पहाटे पाच वाजता पाच माणसं धाराशिवच्या बसस्टँडसमोर काकडत उभी असतात.

असा एक फिक्स प्रत्येक मित्रमंडळात असतो, हे कबूल. पण पुण्या-मुंबईकडच्या फिक्सचं मला कौतुक नाही. तिकडं जुलैत गाडी कुठल्याही घाटात घातली तरी दोन धबधबे टपावर पडतात. त्यात नियोजन कसलं? आमच्या जिल्ह्यात वर्षभराचा पाऊस ७००-८०० मिलिमीटर, तोही मर्जीचा. महाबळेश्वरात एकट्या जुलैत याच्या दुपटीहून जास्त कोसळतो. मृग कोरडा, आर्द्रा शिंतोड्यात, मग तीन आठवड्यांचा खंड, आणि परतीचा आला तर असा येतो की शेताचं तळं होतं. अशा मुलखात राहून ‘चला, धबधबा बघू’ म्हणणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर श्रद्धाळू. फिक्स थोडा थोडा दोन्ही आहे.

त्याची एक वही आहे. शंभर पानी, कव्हरवर रबरबँड. तीत सहलीच्या सामानाची यादी वर्षानुवर्षं तीच आहे: ताडपत्री, दोर, शेंगाचटणी, मोबाईलसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, उलटीच्या गोळ्या, जादा चड्डी. शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. भिजल्यावर लागते म्हणून. गेल्या सहा वर्षांत ती जादा चड्डी एकदाच लागली आणि तीही स्टेपनी बदलताना ग्रीस पुसायला. मागच्या पानांवर कॉन्ट्रीचा हिशोब. त्यात अडत्याच्या नावापुढं २०१७ पासून ऐंशी रुपये बाकी होते. अडत्या रोज लाखांची पट्टी करतो, पण हे ऐंशी तो देत नव्हता. ‘धबधबा दाखव, मग देतो,’ म्हणायचा.

फिक्सच्या पहाटेच्या फोनांची आमच्या घरात दहशत आहे. मी उचलला नाही तर तो बायकोला लावतो.

“वहिनी, उठले का ते?”

“झोपलेत, भाऊजी. रात्री अंग कणकणत होतं.”

“मग तर पाण्याखाली बसायलाच पाहिजे. निघायला सांगा, खाली आलोय.”

आणि खरंच खाली आलेला असतो. अंगात रेनकोट, वर आभाळ निरभ्र.

पावसाकडं आम्हा पाच जणांचं पाच प्रकारचं काम असतं, हे फिक्सला कधीच पटलं नाही. मास्तर जिल्हा परिषद शाळेत आहे. जोराचा आला तर वर्गात गळतं म्हणून त्याला तो रविवारीच यावा असं वाटतं. अडत्या पावसाकडं भाव म्हणून बघतो. मला छत्री विसरायची सवय आहे, एवढाच माझा संबंध. पाचवा आमचा बागायतदार. त्याची सगळी जमीन कोरडवाहू आहे, म्हणून हे नाव. सोयाबीन पेरून झालं की हा माणूस गाडीत बसल्या बसल्या प्रत्येक ढगाशी मनातल्या मनात बोलत असतो. वाफसा हवा असतो तेव्हा फिक्स काचेला नाक लावून ‘पड लेका, पड’ म्हणतो, आणि खंड पडून पीक माना टाकतं तेव्हा बागायतदार ‘पड रं बाबा’ म्हणतो. दोघांची वाक्यं सारखीच, फक्त आठवडे वेगळे. एकदा दोघांचं एकाच दिवशी जुळलं, तर पाऊस नेमका बार्शीत पडला.

सौताड्याची सहल मला चांगली आठवते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडं, विंचरणा नदी तिथं खोल दरीत उडी घेते. फिक्सनं दोन दिवस आधीपासून आवाजाचं वर्णन चालवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा कड्यावरून करंगळीएवढी धार उतरत होती आणि वाऱ्यानं तीसुद्धा अर्ध्यातच इकडं तिकडं व्हायची. अडत्यानं डोळ्यावर हात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “आमच्या घरची टाकी भरली की गच्चीवरून एवढंच पडतंय.” फिक्सवर काही परिणाम नाही. “हेच पंधरा दिवसांनी बघा,” म्हणाला. त्याचे सगळे धबधबे पंधरा दिवसांनंतर असतात, नाही तर पंधरा दिवसांपूर्वी होऊन गेलेले असतात.

येडशीच्या रामलिंगला मात्र पाणी मिळालं, हे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. १९९७ साली अभयारण्य झालेला बालाघाटाचा तो तुकडा श्रावणात इतका हिरवा होतो की आपण आपल्याच जिल्ह्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. खाली दरीत महादेवाचं देऊळ, त्याला वळसा घालून जाणारी नदी, पलीकडं धबधबा. रावणाशी झुंजताना जटायू इथंच पडला, रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी कथा सांगतात. फिक्स ही कथा पायऱ्या उतरताना सांगतो, आणि रामाला ‘पहिला नियोजक’ म्हणतो. शिवाय येडशीला तो ‘मराठवाड्याचं महाबळेश्वर’ म्हणतो, सौताड्याला ‘आपलं लोणावळा’. एकदा कळंब रोडला डबक्यात गाडी गेली तेव्हा ‘आपलं अलिबाग’ म्हणाला.

तर रामलिंगला पाणी होतं. आमचं वाईट नशीब म्हणजे माकडंही होती. आम्ही कपडे काढून पाण्याकडं पळालो आणि फिक्स राखणीला मागं थांबला. सगळ्यांनी भिजायचं तर सामान कोण बघणार? हा नियम त्यानंच केलेला आणि तो त्यालाच लागू व्हायचा. एक थोराड हुप्प्या सावकाश आला, फिक्सच्या डोळ्यांत बघत पिशवी उचलून आंब्यावर जाऊन बसला. धपाटे खाल्ले. चटणीची पुडी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत असा काही बघायला लागला की फिक्स खालून ओरडला, “पाणी पी, पाणी पी!” मग वही काढली. आता तिची पानं फाडून टाकतो की काय, असं आम्हाला वाटलं. पण त्यानं रबरबँड तेवढा काढून घेतला आणि वही खाली सोडली. अडत्या अजून म्हणतो, ऐंशी रुपयांचं पान त्यानं मुद्दाम बघितलं नाही.

त्या दिवशी आम्ही चौघं मनसोक्त भिजलो. फिक्स कोरडा परत आला. हे लिहिताना ध्यानात आलं, त्याला भिजलेला मी फार वेळा बघितलेलाच नाही.

उन्हाळ्यातही त्याच्या डोक्यात पाणीच असतं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यायला लागले. मिरजेहून निघून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती गाडी आमच्या स्टेशनावरून, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादवरून, लातूरला जायची. एप्रिलमध्ये पहिली गाडी गेली ती दहा वाघिणींची होती, पुढं पन्नास वाघिणींची झाली. पंचवीस लाख लिटर पाणी एका खेपेला. नळाला आठ-पंधरा दिवसांनी पाणी येणारे ते दिवस. गल्लीत टँकर आला की घागरींची भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत जायची. फिक्सनं ठरवलं, रात्री स्टेशनावर जाऊन गाडी बघायची. “पंचवीस लाख लिटर एका दमात समोरून जाणार. असा धबधबा कुठं मिळतोय?”

आम्ही गेलो. घरून डबा नेला होता, तो फलाटावर खाल्ला. अडीच-तीन तास डास मारले. मग ती आली. लांबलचक, काळपट, सगळीकडून बंद. मास्तरनं सवयीनं डबे मोजले. पन्नास भरले. एका वाघिणीच्या बुडाला थेंब थेंब गळत होतं, तेवढंच पाणी आम्हाला दिसलं. तेही लातूरचं होतं. गाडी गेल्यावर फिक्स बराच वेळ रुळांकडं बघत बसला. कोरड्या खडीवर ओल्या ठिपक्यांची एक रेघ लांबपर्यंत गेली होती आणि आमच्या डोळ्यांदेखत ती वाळत चालली होती. त्या रात्री परतताना तो काहीच म्हणाला नाही. ‘पंधरा दिवसांनी बघा’ हेही नाही.

पण त्याचं खरं प्रेम म्हणजे नळदुर्ग. तिथं जायला दर पावसाळ्यात दोन-तीन तरी फेऱ्या ठरलेल्या. धाराशिवहून तुळजापूर आणि तुळजापूरहून नळदुर्ग, सगळं मिळून साठेक किलोमीटर. एवढ्या अंतराला आम्हाला पाच तास लागतात, कारण मध्ये तुळजापूर आहे. आईच्या दारावरून दर्शन न घेता कसं जायचं? आणि रविवारी दर्शन घ्यायचं तर रांगेतून बाहेर कधी पडायचं? दर वेळी यावर वाद होतो आणि दर वेळी कळसाला हात जोडून पुढं जायचं ठरतं. मग बागायतदार ‘सोयाबीनचं गाऱ्हाणं कळसाला कसं सांगू?’ म्हणून उतरतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. दोन-अडीच तास गेले.

या भागातल्या एका प्रवाशाचं मात्र मला फार कौतुक वाटतं. अणदूरचा खंडोबा. नळदुर्गाला लागून मैलारपूर आहे. देव वर्षातले दहा-साडेदहा महिने अणदुरात राहतो आणि उरलेले मैलारपुरात. हलवताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये रीतसर लेखी करार होतो. देवाला ठरल्या दिवशी नेतात आणि ठरल्या दिवशी आणतात. मास्तर दर वेळी अणदूरचं नाव आलं की फिक्सला हे ऐकवतो. “देव लेखी देऊन निघतोय. तुझं तोंडी फिक्ससुद्धा टिकत नाही.”

नळदुर्गाला नळराजाचं नाव आहे म्हणतात, पण धबधब्यापुरता नळ वेगळा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या कारागिरानं बोरी नदीवर किल्ल्यातच दगडी बंधारा घातला. अलीकडं नळदुर्ग, पलीकडं रणमंडळ, मध्ये भिंत, आणि भिंतीच्या पोटात महाल. पाणीमहाल. नदी भरली की पाणी महालाच्या डोक्यावरून जातं, दोन ठिकाणांहून खाली कोसळतं. एक नर आणि एक मादी. आत बसलेला माणूस कोरडाच. पण आता वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून वाहिल्याशिवाय नर नाही आणि मादी नाही. पाऊस पडून भागत नाही, धरण भरावं लागतं. ते कधी सप्टेंबरात भरतं, कधी भरतच नाही.

एवढं सगळं फिक्सला पाठ आहे. तरी तो जुलैत नेतो.

एका जुलैत आम्ही बंधाऱ्यासमोर उभे होतो. दगड खडखडीत वाळलेले, खाली शेवाळलेलं थोडं पाणी, त्यात एक चप्पल. कुणी काही बोलेना. मग फिक्स पुढं झाला आणि त्यानं धबधबा करून दाखवला. “हितनं असं येतंय... आणि हितं असं आपटतंय...” दोन्ही हात डोक्यावरून खाली, तोंडानं ‘धो-ओ-ओ’, मध्येच थांबून, “हा नर. मादीचा आवाज बारीक असतोय,” आणि बारीक आवाजात पुन्हा. तुषार कुठपर्यंत उडतात ते पावलं टाकून मोजून दाखवलं. सोलापूरचं एक कुटुंब बाजूनं चाललं होतं, ते थांबलं. त्यातल्या लहान पोरीनं खरोखरच ओढणी डोक्यावर घेतली. “पुन्हा करा की, काका,” ती म्हणाली. फिक्सनं पुन्हा केला.

आणि मग एका सप्टेंबरात ते झालं. धरणाजवळच्या एका टपरीवाल्याला फिक्सनं तीन वर्षं चहाचे जादा पैसे देऊन ‘आपला माणूस’ करून ठेवलं होतं. त्याचा गुरुवारी फोन आला, सांडवा सुटलाय. त्या रविवारी तुळजापुरात बागायतदारसुद्धा उतरला नाही. किल्ल्यात जत्रा लोटली होती. आवाज बंधाऱ्याच्या कितीतरी आधीपासून यायला लागला. पाणी तांबूस, गढूळ, जड. पायऱ्या उतरून पाणीमहालात शिरलो. अंधार, गार भिंती. पुढच्या कमानीबाहेर पाण्याचा पडदा. भिंतीला हात लावला तर दगड थरथरत होता. अडत्यानं खिशातून ऐंशी रुपये काढले आणि काही न बोलता फिक्सच्या हातात दिले.

फिक्स धबधब्याकडं पाठ करून आमच्याकडं तोंड करून उभा होता आणि बोलत होता. हात हलवत, बोटं मोजत, वही उघडून, जीव तोडून. आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्याच्यामागं चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिराची करामत कोसळत होती, आणि आम्ही ती बघत त्याच्याकडं माना डोलावत होतो. माणूस इतक्या वर्षांनी खुशीत आहे, बोलू द्यावं.

सोमवारी सकाळी फोन आला. “चौघांनीही मान डोलावलीय. रविवारी पहाटे चारला. फिक्स धरा.”

“कुठं जायचंय पण?” मी विचारलं.

“ते तिथं सांगितलं की.”