शिबिरार्थींची ओळख करून देण्याची शास्त्रोक्त पद्धत

वलगावसारख्या गावी नाट्यशिबिर किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर भरवायचं असेल, तर आयोजकाने एक गोष्ट आधीच गृहीत धरावी: इथली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. अमरावतीहून परतवाड्याच्या एसटीत बसलेला शेजारी वलगाव येण्याआधीच "कोन्या गावचा होय बावा?" पासून मामाच्या कपाशीपर्यंत सगळं काढून घेतो, हा भाग वेगळा. शिबिरात तो पुरावा चालत नाही.

मुलांना रिंगणात उभं करावं. प्रत्येकाने आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचं विशेषण लावून ओळख सांगावी. मनमिळाऊ मनीष, प्रेमळ प्रवीण इथवर गाडी बरी चालते. मग ऋतुजाची पाळी येते आणि अख्खं रिंगण मंडपाच्या छताकडे पाहू लागतं. चाळीस मुलं असतील तर यात सकाळचा चहा सहज थंड होतो. दुपारपर्यंत कुणालाही कुणाचं नाव आठवत नाही. विशेषणं मात्र आठवडाभर पुरतात.

यानंतर गट पाडावेत. एक ते पाच आकडे मोजायला लावले की ओळखीची मुलं वेगळी होतात, असं शास्त्र सांगतं. पोरांचं शास्त्र त्याच्या पुढे असतं: ती मोजणीआधीच चार-चार जागा सोडून उभी राहतात. मग गटाला नाव ठेवावं (सृजन, उमंग, उडान), घोषवाक्य करावं, तक्त्यावर सूर्य काढावा. सूर्य काढणारी मुलगी एकच असते. उरलेले स्केचपेनांची टोपणं सांभाळतात.

टोपणं सांभाळणाऱ्यांना उगाच दोष देऊ नये. मॅक्सिमिलियन रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि 1913 मध्ये निष्कर्ष छापले. आठ जण मिळून ओढताना एकेकाचा जोर तो एकटा ओढताना लावतो त्याच्या निम्म्यावर आला होता. काही जोर एकदम न ओढल्याने वाया जातो, काही अंगचोरीत. घोषवाक्याने यातलं काहीच बरं होत नाही. गट लहान लागतो आणि प्रत्येकाच्या हाताला दिसेल असं काम लागतं.

माणसांना असं कामाला लावणं वऱ्हाडात एका माणसाला कुठलंही प्रशिक्षण न घेता जमलं होतं. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. गावात पाय ठेवला की ते आधी खराटा हाती घेत. ओळखपाळख नाही, स्वागतगीत नाही. पाया पडायला आलेल्याला काठीचा धाक. अनोळखी माणूस आपलं अंगण झाडतोय म्हटल्यावर गावकऱ्यांना नुसतं उभं राहणं जड जाई. दिवसा झाडलेल्या गावात रात्री कीर्तन होई आणि तेही सवालजवाबाचं. बाबा विचारणार, लोक ओरडून उत्तर देणार. कर्ज, दारू, देवापुढचा बोकड, सगळे विषय निघत. सगळ्यात मागे बसलेला माणूसही त्यात गटाबाहेर राहत नसे. याच वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांचं निधन झालं. एवढी शिकवणी गावाच्या वेशीवर असताना आयोजक पुण्याहून खेळांची पुस्तिका मागवतो, ही त्याची अभ्यासू वृत्ती.

खराटा नको असेल तर रोडगे आहेतच. एकाने गोवऱ्या रचाव्यात, दोघांनी कणीक तिंबावी, कुणी वांगी चिरावीत, कुणी राख झटकून रोडगा फोडावा. रोडगा कच्चा निघाला तर कणीकवाला आणि गोवऱ्यावाला यांची जी जुंपते, तेवढा मोकळा संवाद कुठल्याही सत्रात होत नाही. आणि वाढायला उभा राहिलेला मुलगा पंगतीच्या दुसऱ्या फेरीत सगळ्यांना नावाने हाक मारत असतो.

तेव्हा खरेदीच्या यादीत रंगीत चिठ्ठ्यांच्या वर खराटे लिहावेत. संख्या शिबिरार्थींच्या निम्मीच ठेवावी, म्हणजे मागून घ्यायला तरी तोंड उघडावं लागेल.