एकोणिसावी क्षमता

शिक्षकाला तंत्रज्ञान किती यावं, हे मोजायला जगात फूटपट्ट्यांची टंचाई नाही. युनेस्कोच्या २०१८च्या आराखड्यात शिक्षकांसाठी १८ क्षमता नोंदवल्या आहेत. एनसीईआरटीनं २०१३मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी माहिती-तंत्रज्ञानाचे वेगवेगळे अभ्यासक्रम आखले. महाराष्ट्रानं तर २००१मध्ये सुरू झालेली एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा पुढे ब्रह्मवाक्य मानली आणि मुदतीत प्रमाणपत्र न आणणाऱ्या गुरुजींची वेतनवाढ रोखली. एवढ्या विद्वानांच्या नजरेतून एक क्षमता मात्र निसटली होती. ती उणीव नागपूरनं भरून काढल्याचा आरोप आहे. एकोणिसावी क्षमता अशी : रीतसर नेमणूक नसतानाही सरकारी संगणकाकडून दरमहा पगार मिळवणे.

खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार शालार्थ प्रणालीतून निघतो. शालार्थ क्रमांक मिळाला की संगणकाच्या लेखी माणूस शिक्षक झाला. त्याला शिकवता येतं का, या प्रश्नाशी पगारपत्रकाला कर्तव्य नाही. असे शेकडो क्रमांक नागपूर विभागात बनावट कागदपत्रांवर दिले गेल्याचं प्रकरण २०२५मध्ये बाहेर आलं आणि थेट शिक्षण उपसंचालकांना अटक झाली. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की तपासातलं निम्मं जरी खरं निघालं, तरी या साऱ्या काळात यंत्र एकदाही अडखळलं नाही. प्रमाणपत्राच्या एका कागदासाठी खऱ्या गुरुजींना अडवणारी व्यवस्था खोट्या कागदांपुढे इतकी मायाळू झाली, की तिला निर्दय म्हणायची सोय उरली नाही.

यावर आक्षेप येईल, की एका घोटाळ्यासाठी तंत्रज्ञानाला झोडपू नका. नोंदी नसतील तर बोगस पट कसा पकडणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तरही महाराष्ट्राकडेच आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मुलं दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून बोटाला शाई लावली आणि पटावरची लाखो मुलं जागेवर नाहीत असं आढळलं. त्या मोहिमेचं सगळं तंत्रज्ञान एका बाटलीत मावत होतं. शाईला बोट लागतं आणि बोटाला मूल लागतं, म्हणून ती फसली नाही. क्रमांकाला नुसता पासवर्ड पुरतो. तेव्हा दोष संगणकाचा नाहीच. संगणकात नोंद झाली म्हणजे वर्गात माणूस आहे, असं धरून चालणाऱ्या खुर्चीचा आहे.

ती खुर्ची या धड्यातून भलतंच शिकली. २०१५मध्ये विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींचं ‘सरल’ आलं, शाळांच्या आकडेवारीचं यू-डायस होतंच, पोषण आहाराचं ॲप आलं, २०२३मध्ये हजेरीसाठी चॅटबॉट आला. एकाच मुलाची माहिती वेगवेगळ्या खिडक्यांतून वर पाठवणं हीच गुरुजींची तंत्रस्नेही साधना झाली. शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नका असं सांगतं. माहिती भरण्याला ‘शैक्षणिक’ म्हटलं, की तेही कलम निमूटपणे बाजूला सरकतं.

दुसरा आक्षेप असा, की शिक्षकांनाच संगणक नको असतो, कारण त्यात कामचुकारपणा दिसतो. काहींच्या बाबतीत हे खरं असेलही. पण आपण त्यांच्याकडून तपासून घेतो ते काय? संगणक वापरून अपूर्णांक समजावता येतो का, हे कुणी विचारत नाही. सायंकाळपर्यंत रकाना भरला का, एवढंच विचारतात. आणि विद्यार्थ्यांच्या मानकांचं म्हणाल, तर २०२३-२४च्या यू-डायस अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतला संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतं. उरलेल्या शाळांतल्या मुलांनी पुस्तकातल्या माऊसच्या चित्रावर बोट फिरवून क्षमता प्राप्त करायची. माहिती वर पोचवायला लागणारा मोबाइल गुरुजींच्या खिशात असतोच, त्यामुळे वरच्यांचं काही अडत नाही.

म्हणून विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या जोडीला तिसरी मानकं हवीत, कार्यालयांसाठी. फार नकोत, तीन पुरेत : एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये, मागितलेल्या माहितीतून वर्गाला काय परत मिळालं ते सांगावं, आणि कुणाचा पगार सुरू करण्यापूर्वी तो माणूस फळ्यासमोर उभा आहे का, हे एकदा स्वतः जाऊन पाहावं. २०११ची थोडी शाई एखाद्या सरकारी कपाटात उरली असेल, तर तीही बाहेर काढावी. या खेपेला मुलांच्या बोटांची गरज नाही. मंजुरीखाली सही करणारी बोटं पुरतील.